तसं नाई व, कमळे

तं ऐका. कमळेले ती गोष्ट सुचली ना, ती काही निवांत बसून इचार करून नाई सुचली. चिखलात सुचली. भादव्याचे दिवस होते. देवाजी पाटलाच्या धानाच्या बांधीत बायका निंदनाले वाकल्या होत्या, पोटऱ्यापर्यंत पानी, हातात गवताची मूठ, अन् कमळा बोलून राह्यली होती. ती नेहमीच बोले. शेजारची रंभाकाकू म्हने, कमळेले आनली का पाटलाचं निंदन लवकर उरकते, गोष्टीच्या नादात बायका तिच्या मांगं मांगं सरकत जातेत अन् बांधी कधी संपली ते कोनाले समजतच नाई.

त्या दिवशी ती आपलीच गोष्ट सांगून राह्यली होती. लहानपनी ती अन् तिचा मोठा भाऊ वारलू गावच्या तळ्यात शिंगाडे तोडाले डोंगा घेऊन गेले, अन् मधातच डोंगा उलटला, ती गोष्ट.

"अन् मंग," कमळा म्हनली, "खालून एक एवढा मोठा मासा आला. त्यानं मले असं पाठीवर घेतलं..."

अन् तिथीच थांबली.

काऊन का, नेमकं ह्याच जागेवर वारलू तिले टोके. "तसं नाई व, कमळे." जेवत असला तं घास हातात तसाच धरून टोके. जाळं विनत असला तं सुतळी दातात धरून टोके. एकदा तापानं फनफनून खाटेवर पडला होता, डोळे मिटलेले, अन् कमळेनं मैत्रिनीपाशी मास्याचं पुरान लावलं, तं खाटेवरून आवाज आला, तसं नाई व कमळे, मासा कुठला, मडकं होतं ते. त्याले खोटी गोष्ट सहनच होत नव्हती. पोटात दुखाचं त्याच्या.

आता त्याले घर सोडून तीन सालं झाली होती. बांधीत कोनी टोकलं नाई. कोनी टोकलं नाई म्हूनच ती थांबली, अन् थांबली तवाच तिच्या डोक्यात लख्खकन काहीतरी आलं.

"मंग काय झालं व?" रंभाकाकूनं इचारलं. "मासा कुठी गेला?"

"मासा राहू दे काकू. मले दुसरंच काही सुचून राह्यलं."

"हात चालव मंग. पाटील धुऱ्यावर उभा आहे. त्याले मासाबी नाई दिसत अन् तुले सुचलेलंबी नाई दिसत."

आता वारलू गेला कसा, ते सांगतो, नाई तं तुमाले पुढचं समजाचं नाई. चिचघाट म्हंजे वैनगंगेच्या काठचं गाव, चामोर्शीच्या अंगाले. कमळेचं घर ढिवराचं. माय लहानपनीच गेली. तिचा बा उमाजी तळ्यात अन् नदीत जाळं टाके, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत राबे. मोठं ओढजाळं दोघांचं होतं. एक टोक उमाजीच्या हाती, एक वारलूच्या. त्या साली होळीच्या आधी अख्ख्या गावासाठी तळं ओढलं. काठावर सारे टोपल्या घेऊन उभे, वाटे पडाची वाट पाहून राह्यले. जाळं भरून आलं, अन् ऐन काठापाशी वारलूनं आपलं टोक सोडून दिलं. सारे मासे गेले.

"बा, खाली खुंट होता," वारलू म्हनला. "ओढलं असतं तं जाळं उभं फाटलं असतं."

"खुंट कुठी आहे? आजवर कोनाले लागला नाई तो खुंट?" उमाजी म्हनला, अन् साऱ्या गावासमोर त्यानं पोराच्या तोंडात मारली. "जाळं सोडलं ना, आता घरबी सोड."

वारलू वल्ल्या कपड्यानं तसाच निघून गेला. वैशाखात तळं आटलं, अन् मधात तो खुंट वर आला, काळा, टोकदार. उमाजीनं पाह्यला. दुपारपासून दिवस बुडेपर्यंत तिथी उकिडवा बसून होता. घरी आला, हातपाय धुतले, जेवला, पन पोराचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नाई. फक्त एक झालं. ओढजाळ्याचं वारलूचं टोक त्यानं कोनाच्या हाती दिलं नाई. लोक म्हनत, उमाजीभाऊ, आमी धरतो ना. तो मान हलवे. ते जाळं गुंडाळून आढ्याले टांगलं अन् बुढा एकटाच लहानसं फेकजाळं घेऊन जाऊ लागला. अन् कमळेले तं पाव्हने पाह्याले येऊन राह्यले होते. आज ना उद्या तिचं लग्न होईन, मंग घरात काय राह्यते? एक बुढा अन् एक दोघांचं जाळं.

तं बांधीत तिले सुचलं ते हे. वारलू जिथी असन तिथी त्याच्या कानावर ती तळ्याची गोष्ट पडली पाह्यजे, अन् ती खोटी असली पाह्यजे. बस. टोकाले तरी येईन तो.

सुचलं खरं, पन तो होता कुठी? कोनी म्हने बल्लारशाच्या खानीत दिसला, कोनी म्हने अहेरीकडं बांबू तोडते, कोनी म्हने लाकडाच्या तराफ्यावर बसून पार गोदावरीनं खाली तेलंग्यात गेला. एवढ्या मुलखात गोष्ट पोचवाची कशी? चार दिवस कमळा याच इचारात. भाजी करपली, एकदा तं मिठाऐवजी वरनात राखच पडाची बाकी होती. अन् मंग सांजेले मारोतीच्या पारावरून ढोलकी ऐकू आली.

दंडार.

तुमाले काय सांगाचं म्हना, भाऊबीजेपासून आपल्याकडं गावोगाव मंडई भरते, जत्रेसारखी. पाव्हनेरावळे जमतेत, सोयरिकी जुळतेत, अन् दिवे लागले का दंडार उभी राह्यते, नाच, गानं, सोंगं, राजा, रानी, सारं. अन् एखादी गोष्ट चांगली निघाली का शेजारच्या गावची मंडळी पाहून पाहून चोरून नेते. मंग तिथून पुढची मंडळी चोरते. चिचघाटच्या दंडारीचा म्होरक्या नथ्थूभाऊ दरसाली छाती पिटे का माही गोष्ट पार सिरोंच्यापर्यंत चोरली. अन् ते आठवलं तशी कमळा चुलीपुढून उठलीच. ज्याच्यासाठी नथ्थूभाऊ रडते तेच आपल्याले पाह्यजे ना.

नथ्थूभाऊ पारावर पुठ्ठ्याच्या मुकुटाले बेगड चिकटवून राह्यला होता. राजा नेहमी तोच होय. बाजूले बिरजू बसला होता, चांगला धिप्पाड गडी, पन बाईचं सोंग त्याच्याइतकं कोनाले जमत नसे. मिशी मात्र काढत नसे. रडाचा परसंग आला का पदर तोंडावर घे, काम भागे.

"भाऊ, औंदा कोनती गोष्ट?" कमळेनं इचारलं.

"दोन रान्यायची."

"मांगच्या साली तेच होतं."

"त्याच्या मांगच्याबी साली तेच होतं," बिरजू म्हनला. "आता लोकं माह्या आधी माहं बोलनं बोलतेत. मले फक्त पदर सांभाळा लागते."

"मंग तू दे ना नवी," नथ्थूभाऊ चिडून म्हनला. "गोष्ट काय झाडाले लागते?"

"मले सुचली आहे," कमळा म्हनली.

नथ्थूभाऊ हासला. दंडारीत बाईमानूस नाई, हे तं जुनंच. पन तिनं उभ्या उभ्या डोंगा उलटवला, पोरगी पान्यात, पोरगा पान्यात, अन् बेगड नथ्थूभाऊच्या बोटाले चिकटून वाळून गेली तरी त्याले पत्ता नाई.

"मंग?" तो म्हनला. "पुढं?"

"पुढचं अजून नाई."

"नाई म्हंजे? सुचली म्हनते ना?" नथ्थूभाऊनं मुकुट खाली ठेवला. "अव, सुचलं म्हंजे झाड दिसलं. झाडावर बसून कोनी नदी पार केली? ते पाडा लागते, कोरा लागते, आग घालून आतून भाजा लागते. मंग डोंगा होते. जास्त कोरलं का बूड फुटते अन् कमी कोरलं का बुडते."

"तुमी कधी डोंगा कोरला, भाऊ?"

"नाई. मुकुट केले."

पन त्याचं बोलनं कमळेच्या डोक्यात बसलं. मंग काय, दिवसा बांधीत कोरकाम अन् सांजेले पारावर भांडन. पह्यलं भांडन राजावरून. नथ्थूभाऊ म्हने, राजा पाह्यजेच, ढिवराच्या पोराची गोष्ट पाह्याले कोन येईन, ती तं लोकं रोज घरीच पाह्यतेत. कमळेनं दोन दिवस तोंड फुगवलं, मंग म्हनली, बरं, बा राजा होऊ दे, भाऊ राजपुत्र होऊ दे, पन तळं तळंच राह्यन अन् शिंगाडे शिंगाडेच राह्यतीन. नथ्थूभाऊ म्हने, राजाची पोरगी शिंगाडे तोडाले काऊन जाईन? कमळा म्हने, तिले आवडतेत म्हून. बिरजू म्हने, मलेबी आवडतेत. ते तसंच राह्यलं.

मंग आलं खोट्याचं. अन् हेच कठीन होतं, ऐका. मास्याच्या पाठीवर बसवलं तं वारलू ऐकन, हासन, अन् तिथीच पडून झोपन. हासून कोनी एवढी वाट चालून येत नाई. खोटं असं पाह्यजे का ते ऐकून त्याले जागेवर बसवलंच नाई पाह्यजे. कमळा तळ्यावर भांडे घासत होती तवा तिले ते सापडलं, अन् सापडलं तसं हातातलं भांडं तिनं खाली ठेवून दिलं. गोष्टीत भाऊ बहिनीले पान्यात सोडून एकटा काठावर पोहून जाते. सोडून जाते.

खरं काय झालं होतं, माहीत आहे? ढिवरं पोहताना छातीखाली मडकं धरतेत ना, तसं एकच मडकं होतं, ते वारलूनं तिच्या काखेत दिलं. सोता शिंगाड्याच्या काट्याच्या वेलाले धरून राह्यला, बा येईपर्यंत. तळहात रक्तानं भरले होते. अन् कमळा रडू लागली तं तिले म्हनला, रडू नोको, काठाकडं पाहू नोको, माह्याकडं पाह्य अन् मास्यांचे नावं घे. तिनं घेतले. मरळ, वाम, शिंगूर, बेडूक. अन् तो एवढ्या खोल पान्यात, काट्यात हात अडकलेले, खदखदून हासला. तसं नाई व कमळे, बेडूक मासा नाई.

बेडकाचं तिनं आजवर कोनालेच सांगतलं नव्हतं. नथ्थूभाऊलेबी सांगतलं नाई. गोष्टीत ती जागा तिनं रिकामी ठेवली, घरचं मानूस उशिरा येनार असलं का त्याचं ताट झाकून ठेवतेत तशी.

त्या दिवशी तिले जेवन गेलं नाई. ज्या भावाले साऱ्या गावासमोर एकदा खोटं पाडलं, त्याले आता साऱ्या मुलखासमोर आपन खोटं पाडाचं? पन दुसरा रस्ता दिसत नव्हता.

शेवटावरून तं पार तुटाचीच पाळी आली. नथ्थूभाऊले पाह्यजे होतं का घर सोडून गेलेला राजपुत्र परत यावा, बहिनीनं भाऊबीजेले ओवाळावं, ढोलकी वाजावी, अन् लोकायनं हासत घरी जावं.

"नाई," कमळा म्हनली. "तो येत नाई. बहीन ताट घेऊन उभी राह्यते. बस."

"बस काय? लोकं गोटे मारतीन."

"तो गोष्टीतच आला तं मंग खरा..."

नथ्थूभाऊनं तिच्याकडं पाह्यलं. त्या मानसाले मुकुटाखाली डोकं होतं, खोटं नाई सांगत. त्यानं दुसरं काही इचारलं नाई. बेगडीची पट्टी उचलली अन् हळूच म्हनला, "बिरजू, शेवटी ताट घेऊन उभं राह्याचं. अन् लोकायलेच इचाराचं, कोनी पाह्यलं का माह्या भावाले."

त्याच दिवाळीत आपला चांदा जिल्हा जुन्या राज्यातून निघून मुंबईच्या राज्यात गेला, लोकं त्याच्या गप्पा मारून राह्यले होते, पन चिचघाटात गप्पा एकच, नथ्थूची नवी दंडार. मंडईले गावात पाय ठेवाले जागा नव्हती. बिरजू ताट घेऊन उभा राह्यला, मिशीवर पदर, अन् इचारलं, "कोनी पाह्यलं का माह्या भावाले?" अन् समोर बसलेली एक म्हातारी खरंच बोलली, "नाई व माय, नाई पाह्यला," अन् डोळ्याले पदर लावला. गोटे कोनी मारले नाई. लोकं उठेचनात.

उमाजी दंडारीले आला नव्हता. पन घर पारापासून लांब थोडीच होतं. दुसऱ्या दिवशी भाकर मोडता मोडता तो म्हनला, "त्या गोष्टीत खोटं आहे."

"हो बा," कमळा म्हनली.

"भाऊ तसा गेला नाई." एवढं बोलला अन् घास तोंडात घातला.

अन् मंग गोष्ट चालू लागली. दर आठवड्याले चामोर्शीच्या बाजारातून बातम्या येत. नथ्थूभाऊ डोक्यावर हात मारत येई, "चोरली व, अमक्यानं चोरली," अन् कमळा हळूच इचारे, "कोन्या अंगाले गेली, भाऊ? नदीनं खाली का वर?" खाली म्हनला का तिचा चेहरा उजळे. नथ्थूभाऊले समजत नव्हतं असं नाई, पन रडाची सवय होती, ती कशी सुटन.

शिमगा झाला. वारलू आला नाई. उन्हाळा झाला, नवे पैसे निघाले, बाजारात जुन्या आन्याचं नव्या पैशाशी जुळवता जुळवता बाया भांडल्या, वारलू आला नाई. कोनी सांगे, एका गावात दंडारवाल्यायनं तळ्याची विहीर केली. कोनी सांगे, भावाले वाघच खाते म्हने. कमळेचा जीव खालीवर होई. एवढं कोरून कोरून घातलेलं ते खोटंच कोनी पुसून टाकलं तं? पुन्हा दिवाळी आली. पुन्हा भाऊबीजेचं ताट कोरडंच. अन् कमळेची सोयरीक जुळली, गोंडपिपरीकडच्या घरी. लग्न फागुनात.

आता इथून नीट ऐका.

मंडईचेच दिवस, दुपार टळून गेली होती. घाटावरच्या चिचेखाली उमाजी फेकजाळं सांधत बसला होता अन् कमळा टोपल्यात झिंगे घेऊन नदीतून वर येऊन राह्यली होती. तं पल्याडून डोंग्यानं मानसं उतरली. गाठोडे, ढोलकी, पुठ्ठ्याची तलवार. दंडारवाले. खालच्या मुलखातले, बोलन्यात तेलंगी मिसळलेलं. त्यायचा म्होरक्या सुकलू म्हून एक पिकल्या मिशीचा मानूस होता, अन् राजा कोलू म्हून, काडीसारखा उंच. बाकीचं सामान पल्याडच होतं, डोंगा पुन्हा जाऊन येईपर्यंत त्यायले बसाच लागनार होतं.

"बाई, झिंगे देते का? भूक लागली," सुकलू म्हनला.

"देते. पन दंडार कोनती आहे?"

"तळ्याची. ताटवाली."

तिनं टोपलं खाली ठेवलं. "डोंगा उलटते तेवढं करून दाखवा, मंग सारे झिंगे तुमचे."

"इथी? दिवसाढवळ्या?" कोलू म्हनला.

"झिंगे आहेत गा," सुकलू म्हनला. "ऊठ."

चिचेखाली त्यायनं गमछे कसले. बहीन झालेला गडी वाळूत बसला, भाऊ झालेला त्याच्या बाजूले. डोंगा उलटला. कमळा ओठ दाबून उभी होती, आता तो पोहून जाईन, आता सोडन. पन भाऊ गेला नाई. त्यानं हात पुढं करून काहीतरी बहिनीच्या काखेत दिलं अन् म्हनला, "हे मडकं धर. काठाकडं नोको पाहू. माह्याकडं पाह्य, अन् मास्यांचे नावं घे."

अन् बहीन झालेला तो दाढीवाला गडी बारीक आवाजात रडत रडत म्हनला, "मरळ... वाम... शिंगूर... बेडूक."

दंडारवाले हासले. तिथी लोकं नेहमी हासत असतीन. कमळा चिचेच्या खोडाले धरून खाली बसली.

"काय झालं व बाई?" सुकलू घाबरला. "हासाची जागा आहे ती."

"हे कोनं सांगतलं तुमाले? बेडकाचं?"

"अव, त्याची एक गंमतच झाली," सुकलू टेकून बसला. "अहेरीच्या पल्याड, बांबू तोडनाऱ्यायच्या तळावर आमची दंडार झाली. तवा आमीबी भावाले पळवत होतो, जशी चोरली तशी. सकाळी सामान बांधून राह्यलो तं एक जवान मानूस आला, हातात कुऱ्हाड, चेहरा असा का आता मारते का काय. म्हने, तसं नाई. आमी म्हनलं, काय तसं नाई? म्हने, तो पळाला नाई. बसला अन् सारं शिकवलं. मडकं, वेल, बेडूक. बोलता बोलता हासलाबी."

"नाव?"

"नाई सांगतलं. तळहातावर जुने वन होते, काट्याचे असतीन. आमी म्हनलं चाल संगं, वर चामोर्शीकडं जातो. तं उठून उभाच राह्यला. असं वाटलं का येतेच. मंग पुन्हा बसला." सुकलूनं मिशी पुसली. "जाताना एकच इचारलं त्यानं. म्हने, पोरगा गेला, पोरगी ताट घेऊन उभी आहे, अन् राजा शेवटी काऊन काही बोलत नाई? आमी म्हनलं, राजाले शेवटी बोलनंच नाई, असंच आलं आमच्याकडं. तो म्हने, मंग भाऊ येईन तरी कसा."

कमळा ऐकतच राह्यली. एवढं कोरलं तिनं. खोटं कुठी, रडनं कुठी, ताट कोनाच्या हाती, सारं मोजूनमापून, अन् बुडाले हे एवढं मोठं भोक राह्यलं होतं. तिच्या ध्यानातच आलं नव्हतं का राजाले बोलनं लागन. कसं येईन? तिच्या घरचा राजाबी तं बोलत नव्हता. चार सालं झाली, तिले सवयच झाली होती.

"राजाले एक वाक्य देते," ती सुकलूले म्हनली.

"दे. काय म्हनाचं?"

कमळेनं तोंड उघडलं. अन् काहीच आलं नाई. जी पोरगी अख्खी बांधी बोलत बोलत निंदे, तिले एक वाक्य सुचेना. काहीबी म्हनलं तरी ते तिचंच झालं असतं, अन् ते तिचं नव्हतंच.

मांगं सुतळीचा आवाज थांबला होता.

"खुंट होता," उमाजी म्हनला.

त्यानं वर पाह्यलं नव्हतं. जाळं मांडीवर तसंच होतं.

"काय म्हनले बुवा?" कोलूनं इचारलं.

"राजाले म्हनाले सांगा का खुंट होता. मले दिसला म्हना. उन्हाळ्यात."

दंडारवाले एकमेकाच्या तोंडाकडं पाहू लागले. ह्या गोष्टीत खुंट कुठला आला? पन झिंगे भरपूर होते अन् सुकलू शहाना होता. त्यानं गाठोड्यातून मुकुट काढून कोलूच्या डोक्यावर ठेवला. कोलूनं छाती काढली, तलवार कमरेले लावली, अन् नदीपल्याड ऐकू जाईन अशा आवाजात गरजला, "हे पुत्रा, खुंट होता, अन् तो आम्ही आमच्या डोळ्यानं पाह्यला आहे."

"तसं नाई गा," उमाजी म्हनला.

तो उठला. गुडघे वाजले, जाळं मांडीवरून खाली घसरलं, त्यानं उचललं नाई. कोलूच्या बाजूले येऊन उभा राह्यला, अन् कोलूकडं नाई, लोकायकडं नाई, नदी खाली वळते ना, तिकडं तोंड करून म्हनला, "बाबू. खुंट होता. मले दिसला. तुहं टोक तसंच ठेवलं आहे."

मंग कोलूनं मुकुट काढून हातात घेतला अन् तेच हळू म्हनून पाह्यलं. एकदा म्हनला, दोनदा म्हनला. उमाजी कान देऊन ऐकून राह्यला होता, ढोलकीची थाप लागते का नाई पाह्यतेत तसा.

"हां," तो म्हनला. "तसं."

कमळेनं टोपलं उचलून सारेच्या सारे झिंगे त्यायच्या गमछात रिकामे केले. डोंगा दुसरी खेप घेऊन आला, बाकीची मंडळी उतरली, गाठोडे डोक्यावर चढले. सुकलू म्हनला का वरच्या मंडया आटपून माघात ते परत खाली उतरतीन, अहेरीच्या वाटेनं. कमळेनं मनातल्या मनात माघ अन् फागुन मोजून पाह्यले.

मंडळी चढाव चढून गेली. कोलूचा आवाज बराच वेळ येत होता, चालता चालता घोकून राह्यला होता, खुंट होता, मले दिसला.

उमाजी तसाच नदीकडं तोंड करून उभा होता.

"अहेरी किती दूर आहे व?" त्यानं इचारलं.

"दूर आहे, बा."

"मंग वर कशाले गेले ते," बुढा म्हनला. "आधी खाली जा म्हनाले पाह्यजे होतं."